चाकांवरचं बिऱ्हाड

मैत्रिणींनो, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. पण खरोखरच पाठीवर बिऱ्हाड घेऊन पाच दिवस हिंडायची पाळी आपल्यावर येईल, असे मला कुणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यातच काढले असते. आणि हिंडायचे ते कुठे, तर कॅलिफोर्नियातल्या वाइनच्या गावांतून! घरात साधी सोड्याची बाटली फुटली तरी सासूबाई दचकतात, त्या घरातली मी सून. तेव्हा आजचे हे पान वाचताना तुमच्या भुवया थोड्या वर जाणार, हे मी धरूनच चालले आहे.

झाले असे, की आमच्या ह्यांना कंपनीने २०२५ च्या जानेवारीत सॅन होजेला पाठवले. मी नाशिकला, दुपारच्या शाळेत मुलांना मराठी शिकवते, अर्धवेळ. मुलगा आठ वर्षांचा. रोज रात्री फोन व्हायचा, नाही असे नाही. पण बोलणे काय? फी भरली का, आईची गोळी बदलली का, गिझरवाला आला का. आठ महिन्यांनी माझ्या लक्षात आले की आम्ही नवराबायको राहिलोच नाही, एका संसाराचे दोन मॅनेजर झालो आहोत. गणपती झाल्यावर तीन आठवड्यांची बिनपगारी रजा टाकली, मुलाला सासूबाईंच्या हवाली केले आणि विमानात बसले. सासूबाईंचे एकच म्हणणे होते, “पितृपक्षात कुणी प्रवासाला जातं का गं?” मी म्हटलं, “सुट्टी तेव्हाच मिळतेय, आई.” त्यावर त्यांनी मुकाट्याने मेतकुटाचा डबा पुढे केला. म्हणजे परवानगी मिळाली, असे आमच्या घरात समजतात.

तिकडे गेल्यावर ह्यांनी बेत सांगितला. नापाच्या खोऱ्यात हॉटेलचे भाडे डोळे पांढरे करणारे. शिवाय मी शाकाहारी, दोन वेळा बाहेर खायचे म्हणजे पंचाईत. त्यापेक्षा आरव्ही भाड्याने घेऊ. आरव्ही म्हणजे काय, तर ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली खोली. आमची पंचवीस फूट लांब आणि अकरा फूट उंच होती. आत तीन शेगड्यांचा गॅस, फ्रीज, बेसिन, जेवायचे टेबल, मागे पलंग, आणि एका कपाटाएवढ्या जागेत संडास व न्हाणी. ती चालवायला तिकडे मोटारीचाच परवाना पुरतो. भाडे दिवसाला दोनशे डॉलरच्या आसपास पडले. पण बायांनो, भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका! दर मैलाचे पैसे वेगळे, जनरेटर चालवला तर तासाचे वेगळे, पांघरुणे-भांडी हवी असतील तर त्याचे वेगळे. आणि गाडी पिते किती? लिटरला जेमतेम चार किलोमीटर. आपल्याकडे लग्नाच्या हॉलचे बिल येते ना, ‘लाइट वेगळा, पाणी वेगळं,’ तसाच प्रकार. आम्ही पांघरुणे, कुकर, तवा, पोळपाट सगळे ह्यांच्या खोलीवरूनच उचलले. तेवढेच पैसे वाचले.

बारा क्रमांकाचा एक हमरस्ता आहे. तो लोडाय नावाच्या गावावरून निघतो, नदी ओलांडतो आणि नापाला वळसा घालून सोनोमाकडे जातो. आमची सारी सहल बहुतेक त्या एका रस्त्याला धरून होती. पहिला मुक्काम लोडायला केला. तिकडे अशी एक सोय आहे, की वर्षाची वर्गणी भरून सभासद झाले की ठरावीक शेतकरी आणि द्राक्षबागवाले आपली गाडी एका रात्रीपुरती त्यांच्या आवारात फुकट लावू देतात. गाडीत स्वतःचा संडास हवा, आधी विचारून जायचे, आणि निघताना त्यांच्या दुकानातून काही तरी विकत घ्यायचे, एवढीच रीत. फ्रान्समध्येही द्राक्षमळ्यांवर एक रात्र गाडी लावू देण्याची अशीच पद्धत आहे. मला ती फार आवडली. आपल्याकडे वारीत घराघरांतून मुक्काम देतात, त्याची आठवण झाली.

संध्याकाळी बागेची मालकीण आम्हांला बाग दाखवायला आली. सत्तरीची बाई, पायांत गमबूट. निफाड तालुक्यात माझ्या दिरांची तीन एकर द्राक्षबाग आहे, त्यामुळे द्राक्षबाग मला नवी नाही. पण ही बाग बघून मी चक्रावलेच! मांडव नाही, तारा नाही. मांडीएवढ्या जाड बुंध्याची, कमरेइतक्या उंचीची, वाकडीतिकडी झाडे एकेकटी उभी. झिनफंडेल जातीचे ते शंभरीपार वेल होते. बाई म्हणाली, १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी होती, तेव्हा बाकीच्या वाइनवाल्यांचे धंदे बसले. पण लोडायची द्राक्षे आगगाडीने पूर्वेकडच्या शहरांत जात राहिली. कारण घरच्यासाठी फळांचा रस करायला कायद्याने मुभा होती, घरटी वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत. म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर! त्या ‘रसाचे’ पुढे काय होत असे, ते सांगायला नकोच.

ह्यांनी तिला सांगितले, की आमच्या नाशिकची थॉमसन सीडलेस ही जात तुमच्याच कॅलिफोर्नियात थॉमसन नावाच्या माणसावरून ओळखली जाऊ लागली, आणि ज्या डॉगरिज खुंटावर आम्ही कलम करतो तो मूळचा टेक्सासचा. बाईला गंमत वाटली. मग ह्यांनी सांगितले, की आमच्याकडे वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात फळाची. तशी बाई थांबली आणि म्हणाली, “दोनदा? मग तुमचा वेल झोपतो कधी?” तिकडे हिवाळ्यात वेलाची सगळी पाने गळतात, तीन-चार महिने तो नुसता काटकीसारखा उभा असतो, त्या झोपेत एकदाच छाटतात, आणि वसंतात तो फुटतो. हे म्हणाले, “आमच्याकडे तेवढी थंडीच नाही. तो झोपतच नाही.” त्यावर ती काही बोलली नाही, नुसती मान हलवली. तिच्याकडून अक्रोडाची एक पिशवी आणि जॅमची बाटली घेतली. रात्री मेतकूट-भात, तूप, अक्रोड. खिडकीतून द्राक्षांचे वेल दिसत होते. मला वाटले, चला, पाच दिवस सुखाचे जाणार!

सुख दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकले. रिओ व्हिस्टा गावाशी सॅक्रामेंटो नदीवर पूल आहे. बोट आली की त्याचा मधला भाग आख्खा वर उचलला जातो. आम्ही पोहोचलो आणि नेमका पूल वर गेला. गाड्यांची रांग लागली. ह्यांनी इंजिन बंद केले, समोर बघत राहिले आणि म्हणाले, “कंपनी अजून दोन वर्षं थांब म्हणतेय.”

मी म्हटलं, “मग?”

“मी हो म्हटलंय. तोंडी.”

मैत्रिणींनो, त्या वेळी माझ्या मनात काय आले ते लिहिता येत नाही. दोन वर्षे! मुलगा दहा-अकराचा होणार. सासूबाईंची सांधेदुखी, माझी शाळा, बँक, दूधवाला, पालकसभा, सगळे एकटीनेच. आणि विचारले नाही; सांगितले. तेही हो म्हणून झाल्यावर. पूल खाली आला, गाड्या हलल्या. नापापर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. बाहेर काय सुंदर सुंदर दिसत होते म्हणे. मला काही दिसले नाही.

आता तुम्हीच सांगा, आपण घरी रागावलो की काय करतो? स्वयंपाकघरात जातो, भांडी आपटतो. फारच झाले तर माहेरी जातो. पंचवीस फुटांच्या गाडीत बाई रागावून जाणार कुठे? स्वयंपाकघर ह्यांच्या पाठीपासून दोन पावलांवर! सेंट हेलेना आणि कॅलिस्टोगाच्या मध्ये बॉथे-नापा नावाचे सरकारी वनउद्यान आहे, तिथे आमचा दोन रात्रींचा मुक्काम होता. भोवती रेडवुडची उंच झाडे. गाडी लागल्यावर मी काही न बोलता कढई चढवली, तेल तापवले आणि मोहरी टाकली. मोहरी तडतडते न तडतडते तोच छतावरचा धुराचा भोंगा असा काही केकाटला, की शेजारच्या तंबूतली माणसे बाहेर आली. हे टॉवेल घेऊन भोंग्याला वारा घालताहेत, मी खिडक्या उघडतेय. एरवी हसून हसून पोट दुखले असते. त्या दिवशी आम्ही दोघेही हसलो नाही.

त्या तळावर वीज नाही. जनरेटर रात्री आठनंतर लावता येत नाही, तसा नियमच आहे. त्यामुळे आठ वाजल्यानंतर एक मिणमिणता दिवा, फोनला रेंज धड नाही, टीव्ही नाही. समोरासमोर दोन माणसे आणि मध्ये वरणाचे पातेले. शेवटी मीच म्हटलं, “मला का नाही विचारलं?”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.”

आणि मग ते कारण बाहेर आले. भाऊजींची बाग दोन हंगाम गारपिटीने आणि अवकाळी पावसाने गेली होती, हे मला माहीत होते. पण त्यांच्या डोक्यावर नऊ लाखांचे कर्ज चढले आहे, आणि आठ महिने ह्यांच्या पगारातला मोठा हिस्सा तिकडे जातोय, हे मला माहीत नव्हते. भाऊजींनी शपथ घातली होती म्हणे, वहिनींना आणि आईला सांगू नका. मला आधी राग आला तो पैशांचा नव्हे. मी म्हटलं, “बारा वर्षं त्या घरातलं हळदीकुंकू, आजारपणं, बाळंतपणं मी केली. आणि कर्जाच्या गोष्टीला मी परकी?” ह्यांच्यापाशी उत्तर नव्हते.

पण मैत्रिणींनो, खोटे कशाला बोलू? अंधारात बसल्या बसल्या मलाही एक गोष्ट टोचू लागली. जूनमध्ये आमच्या शाळेत मला पूर्ण वेळेची जागा देऊ केली होती. मी नाही म्हटले. घरचं कोण बघणार, म्हणून. आणि ही गोष्ट मी ह्यांना सांगितलीच नव्हती! का? तर ते म्हणतील ‘घे’, आणि मग घरातली ओढाताण वाढेल; किंवा म्हणतील ‘नको’, आणि मग मला वाईट वाटेल. त्यापेक्षा आपलं आपण ठरवून टाकावं. म्हणजे जे त्यांनी केले तेच मीही केले होते. दोघांनीही एकमेकांना त्रास नको म्हणून एकमेकांना वगळले होते. मी ते सांगितले. ते नुसते बघत राहिले आणि म्हणाले, “तू पूर्ण वेळ नोकरी घेतली असतीस तर मला दोन वर्षं थांबावं लागलंच नसतं.” तेव्हा मात्र आम्ही हिशेबाला बसलो. माझ्या पर्समध्ये शाळेची लाल शाईची पेन होती, आणि कागद म्हणून पिठाच्या पिशवीची मागची बाजू. रात्रीचे दोन वाजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला नापा पहिल्यांदा दिसले. खोरे केवळ तीस मैल लांब, आपल्या निफाडपासून त्र्यंबकपर्यंतच्या पट्ट्यापेक्षाही लहान. दोन्ही अंगांना डोंगर, मध्ये एकोणतीस क्रमांकाचा रस्ता, आणि त्याला समांतर पूर्वेकडून जुना सिल्व्हराडो रस्ता. लांब गाडीला हा दुसरा रस्ता बरा, गर्दी कमी. चार्ल्स क्रुग नावाच्या जर्मन माणसाने १८६१ साली सेंट हेलेनाला वाइनचा कारखाना काढला, तिथून इथल्या वाइनधंद्याने मूळ धरले. पण जगाने दखल घेतली ती १९७६ साली. त्या वर्षी पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना नावे झाकून वाइन चाखायला दिल्या, आणि तांबड्या व पांढऱ्या दोन्हींत पहिला नंबर नापाच्या वाइनला मिळाला. आपल्या नाशिकच्या धंद्यालाही इथलाच वारा लागलेला आहे. कॅलिफोर्नियात नोकरी करून परतलेल्या राजीव सामंतांनी नाशिकला वाइनची द्राक्षे लावली आणि २००० साली सुलाची पहिली वाइन बाजारात आणली.

तोडणीचे दिवस होते. तिथे पुष्कळ ठिकाणी द्राक्षे रात्री तोडतात, दिव्यांच्या उजेडात, म्हणजे घड थंड राहतात. तोडणारे बहुतेक मेक्सिकोकडचे. सकाळी रस्त्याने द्राक्षांचे ट्रक जाताना आंबूस-गोड वास दरवळत होता. बागेच्या मालकाला विचारून मी कॅबर्ने जातीचा एक मणी तोंडात टाकला. करवंदाएवढा, जाड सालीचा, बियांनी भरलेला. पण गोड किती! आपल्या खायच्या द्राक्षांच्या कितीतरी पुढे. ह्या गोडीचीच पुढे वाइन होते. आणि गंमत म्हणजे काळ्या द्राक्षांचाही रस पांढराच निघतो. तांबडा रंग येतो तो साली त्यात मुरवल्यावर. उन्हाळ्यात तिथे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे आपल्या बागाईतदारांची झोप उडवणारी डावणी त्यांना फारशी ठाऊक नाही. भुरी मात्र त्यांच्याकडेही आहे. पण सुखी कोणीच नाही बरं का! कॅलिस्टोगाच्या बाजूला डोंगरावर जळकी खोडे उभी होती. २०२० च्या सप्टेंबरात तिथे मोठा वणवा पेटला होता. त्या वर्षी धुराचा वास फळात उतरला, म्हणून कित्येकांनी द्राक्षे तोडलीच नाहीत. गारपीट आणि वणवा, बहिणी-बहिणीच म्हणायच्या. मी फोटो काढून भाऊजींना पाठवला, आणि खाली लिहिले, “आम्हांला सगळं कळलंय. काळजी करू नका. पण यापुढे लपवू नका.” त्यांचे उत्तर रात्री आले. एकच शब्द: “वहिनी.”

वाइन चाखायला आम्ही एकाच ठिकाणी गेलो. तिथे हल्ली बहुतेक ठिकाणी आधी वेळ ठरवून जावे लागते आणि माणशी चाळीस-पन्नास डॉलर, कधी त्याहूनही जास्त पडतात. दोघांत मिळून एकच चाखणी घेतली. आधी पेला उजेडात धरून रंग बघायचा, मग हलवायचा, मग वास घ्यायचा, मग एक घोट तोंडात फिरवायचा. आणि हो, थुंकून टाकायला समोर भांडे ठेवलेले असते! थुंकले तर कुणी वाईट मानत नाही, उलट जाणकार समजतात. ह्यांना गाडी चालवायची होती म्हणून ते थुंकले. मी आयुष्यात पहिल्यांदा घोट घेतला तो जांभळाच्या सालीसारखा जिभेला धरला, म्हणून मीही थुंकले. वाइनच्या देशात जाऊन वाइन न पिता परत आलेले आमच्यासारखे जोडपे विरळाच असेल. तुमच्यापैकी कुणाचे यजमान घेणारे असतील तर एवढे ध्यानात ठेवा, की चाखणीचे चार घोटही बेरजेत येतात. चालवणारा कोण, हे सकाळीच ठरवावे. आणि उघडी बाटली पुढच्या बैठकीजवळ ठेवू नये, तिथे तो गुन्हा आहे.

चौथ्या दिवशी सोनोमाला निघालो. मध्ये डोंगरातून जवळचा घाट आहे, पण तो उभ्या चढाचा आणि नागमोडी. मोठ्या गाडीने त्या वाटेला जाऊच नये. दक्षिणेकडून कार्नेरोसच्या सपाटीवरून वळसा पडला तरी चालेल. सोनोमाचा चौक फार निवांत आहे. कोपऱ्यावर १८२३ साली स्थापन झालेले धर्मपीठ; कॅलिफोर्नियातल्या एकवीस धर्मपीठांपैकी हे शेवटचे. चौकात झाडाखाली बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

आणि त्या संध्याकाळी आला तो प्रसंग, जो मी जन्मात विसरणार नाही. गाडीत सांडपाण्याच्या दोन टाक्या असतात. एक संडासाची, एक बेसिन-न्हाणीची. तळावरच्या गटाराच्या तोंडाशी त्या आपण स्वतः रिकाम्या करायच्या. दुसरे कोणी येत नाही! बारा वर्षांत ह्यांनी जेवल्यावर स्वतःचे ताट उचललेले मी पाहिले नव्हते. ते हातांत मोजे चढवून, नळी घेऊन, वाकून बसले. मी पुस्तिकेतले वाचून दाखवत होते: “आधी काळी टाकी, मग राखाडी. उलट नको.” नळी नीट बसेना. बाकीचे काय सांगू? चपला टाकून द्याव्या लागल्या, एवढे सांगते. हे तसेच उभे, अंगभर डाग, आणि म्हणाले, “आईला सांगू नकोस.” तेव्हा मला जे हसू फुटले ते थांबेना. तेही हसायला लागले. रिओ व्हिस्टाच्या पुलावर गोठलेले काही तरी तिथे, त्या घाणीपाशी, सुटले बघा!

आता कुणाला असा प्रवास करायचा झाला तर, माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

एक : फोडणी गाडीत करू नका. घरून निघतानाच मोहरी-हिंग-कढीपत्त्याची फोडणी करून बाटलीत भरून घ्या. वरण, कोशिंबीर, दहीभात, सगळ्याला वरून घालता येते. मेतकूट, भाजलेले पोहे, उपम्याचा भाजका रवा, चटण्या बरोबर हव्यातच.

दोन : भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घ्या. पाण्याच्या टाकीपेक्षा सांडपाण्याची टाकी आधी भरते, आणि तेलकट पाणी तिच्यात साठले की वास सुटतो. पाणी आपल्याकडे नळ जातात त्या दिवसासारखे वापरा, म्हणजे पुरते.

तीन : गाडी हलण्यापूर्वी प्रत्येक कपाटाची कडी हाताने लावून बघा. पहिल्याच वळणावर आमचा डाळीचा डबा खाली आला आणि पाचही दिवस पायाखाली तूरडाळ लागत होती. पेट्रोल भरताना गॅस बंद. आणि गाडीची उंची कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवा.

चार : सामान कमी, आणि बोलायला वेळ जास्त ठेवा. रोज दोन-तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवू नका.

अशी गाडी आपल्याकडेही अगदीच अपरिचित राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. पण खरे सांगू? गाडी नसली तरी चालेल. आपल्या घरांत माणसे असतात, कामे असतात, फोन असतात. त्यांच्या आडोशाला नवराबायको वर्षानुवर्षे न बोलता छान राहू शकतात. वर्षातून दोन दिवस तरी असे काढावेत, की जिथून उठून जायला दुसरी खोली नाही. लोडायच्या त्या बाईने विचारले होते ना, तुमचा वेल झोपतो कधी? मला अजून तो प्रश्न आठवतो. वर्षातून दोनदा छाटून घेतलेल्या आपल्या वेलांना बाकी सगळे मिळते, निवांतपणा तेवढा मिळत नाही.

आमचे पुढे काय झाले, ते तुम्ही विचारणारच. पिठाच्या पिशवीवरचा हिशेब मी जपून ठेवला आहे. ह्यांनी कंपनीला दोन वर्षांऐवजी एकच वर्ष थांबतो असे कळवले. लेखी, आणि पत्र आधी मला वाचून दाखवून. भाऊजींचे कर्ज सासूबाईंना सांगितले. त्या रडल्या-बिडल्या नाहीत. म्हणाल्या, “मला वाटलंच होतं. तुम्ही सगळे मला काचेची समजता.” भाऊजींच्या मनात बागेच्या एका तुकड्यात वाइनची द्राक्षे लावायचे होते. त्याला मणी विरळणी, डिपिंग अशी खायच्या द्राक्षांची मेहनत लागत नाही, हे खरे; पण ती बाजारात टोपली मांडून विकता येत नाहीत, घेणाऱ्या कारखान्याशी आधी करार हवा. तो हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही, असे तिघांनी बसून ठरवले. आणि मी? जूनपासून पूर्ण वेळेची जागा मिळेल का, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, “गेल्या वर्षी नाही म्हणालात, आता घरी विचारलंत का?”

मी म्हटलं, “हो, ह्या वेळी विचारलं.”